उंबरठ्याच्या आतली साथ

साथीच्या काळात सरकारचे आदेश उंबरठ्यापर्यंत येऊन थांबतात. रस्ते बंद करता येतात, बाजार उठवता येतो, शाळांना कुलपे लावता येतात, जत्रा आणि लग्ने यांतील माणसांच्या संख्येवर मर्यादा घालता येते. परंतु दार लोटून घेतल्यानंतर घरात माणसांनी कसे वागावे, हे कोणत्याही अधिसूचनेने ठरवता येत नाही. श्वसनमार्गाच्या विषाणूंचा मोठा प्रसार मात्र नेमका या दाराच्या आत होतो. बाहेरून आजार आणणारा माणूस बहुधा एकच असतो. तो त्याच्याकडून घेणारी माणसे त्याच्याच पंक्तीला जेवणारी आणि त्याच्याच शेजारी निजणारी असतात. २०२० ते २०२२ या काळात महाराष्ट्राने हा अनुभव इतक्या जवळून घेतला की, ‘घरात एकाला झाला की सगळ्यांना होणारच’ हे वाक्य जणू स्वयंसिद्ध सत्य होऊन बसले. ते खरे आहे काय, आणि खरे नसेल तर त्यावर विसंबून राहण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न साथ ओसरली म्हणून संपलेला नाही. दर पावसाळ्यात फ्लूच्या रूपाने तो पुन्हा दाराशी येतो.

महाराष्ट्रातील पहिल्या नोंदीतच या प्रश्नाचे बीज होते. ९ मार्च २०२० रोजी पुण्यातील एका दांपत्याला करोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. हे दांपत्य १ मार्चला दुबईच्या सहलीहून परतले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी, त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक आणि विमानातील एक सहप्रवासी यांनाही लागण झाल्याचे आढळले. एक घर, एक मोटार आणि एक विमान. तिन्ही ठिकाणी थोड्या जागेत, बंद हवेत, माणसांनी काही तास एकत्र काढलेले होते. पुढच्या दोन वर्षांत जे असंख्य वेळा घडले, त्याचा नमुना पहिल्या दोन दिवसांतच समोर आला होता. पण त्या वेळी सर्वांची नजर परदेशप्रवासावर खिळली होती. घराकडे आणि मोटारीकडे, म्हणजेच त्यांतल्या हवेकडे, फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

स्पर्श की श्वास?

याचे एक कारण भाषेतही सापडते. मराठीत अशा आजारांना ‘स्पर्शजन्य’ म्हणण्याची जुनी वहिवाट आहे, आणि शब्द विचाराला वळण लावतात. २०२०च्या उन्हाळ्यात घरोघरी दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या जात होत्या, भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवल्या जात होत्या, दाराच्या कड्या पुन्हा पुन्हा पुसल्या जात होत्या, वर्तमानपत्राला हात लावायला माणसे कचरत होती. आणि त्याच घरात संध्याकाळी खिडक्या लावून घेऊन आजोबांपासून नातवापर्यंत सारे कुटुंब एका खोलीत ‘रामायण’ मालिकेचे पुनःप्रसारण पाहत बसत होते. हात धुणे व्यर्थ होते असे नाही. कित्येक आजार हातांवाटे पसरतात आणि ही सवय टिकलीच पाहिजे. परंतु करोना, फ्लू यांसारख्या आजारांचा मुख्य मार्ग श्वासाचा आहे, ही गोष्ट लोकांच्या मनात फार उशिरा उतरली.

या विलंबाचा दोष केवळ सामान्य माणसाकडे जात नाही. खोकताना, बोलताना, नुसता श्वास सोडतानाही नाकातोंडातून ओलसर कण बाहेर पडतात. त्यांतील मोठे थेंब जड असल्यामुळे माणसापासून फार दूर न जाता खाली पडतात. अतिसूक्ष्म कण मात्र हवेत तरंगत राहतात आणि बंद खोलीत साचत जातात. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांनी अनेक दशके मोठ्या थेंबांवरच भर दिला. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला जाहीर पत्र लिहून सूक्ष्म कणांच्या धोक्याकडे लक्ष वेधले. भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, हे कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात असे सांगून खेळत्या हवेचा आग्रह धरला. आणि हवेतून पसरणाऱ्या अशा कणांविषयी कोणती परिभाषा वापरावी, यावर जागतिक संघटनेच्या पुढाकाराने एकमत होण्यास एप्रिल २०२४ उजाडावा लागला.

जे विद्वानांना ठरवायला इतका वेळ लागला, ते मराठी स्वयंपाकघरात रोज दिसत असते. लाल मिरचीची फोडणी जरा करपली की, चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला ठसका लागतो. क्षणभराने माजघरात बसलेल्याला लागतो आणि थोड्या वेळाने शेवटच्या खोलीत निजलेला माणूसही खोकू लागतो. यांपैकी कोणी कढईला हात लावलेला नसतो. खिडकी उघडली, मागचे दार उघडले, की ठसका विरतो. दारे बंद असली तर तो रेंगाळतो. आजारी माणसाच्या श्वासाचे नेमके असेच होते. फरक इतकाच की, मिरची आपले अस्तित्व लगेच कळवते आणि विषाणू दोन-चार दिवसांनी कळवतो. आजाऱ्याच्या खोलीतील उदबत्तीचा वास शेजारच्या खोलीत येत असेल, तर त्या खोलीतील हवाही तेथे येत आहे, एवढे समजण्यास कोणत्याही उपकरणाची गरज नाही.

आकडे काय सांगतात?

‘एकाला झाला की सगळ्यांना होणारच’ या समजुतीची परीक्षा आकड्यांनी करता येते. २०२०च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात जगभरातील ५४ अभ्यासांची आणि त्यांतील ७७ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली. घरात एक रुग्ण निघाल्यावर उरलेल्यांपैकी किती जणांना लागण झाली, याची सरासरी निघाली शेकडा सुमारे १७. याचा अर्थ, त्या पहिल्या काळातील विषाणूच्या बाबतीत एकाच छपराखाली राहणाऱ्या दर सहा माणसांपैकी पाच जण सुटत होते. पती वा पत्नी यांच्यासाठी हे प्रमाण शेकडा ३८च्या आसपास होते, इतर नातलगांसाठी बरेच कमी. लक्षणे असलेल्या रुग्णाकडून घरच्यांना लागण होण्याचे प्रमाण शेकडा १८, तर लक्षणे नसलेल्या रुग्णाकडून शेकडा एकाहूनही कमी आढळले. पुढे ओमायक्रॉन हा अधिक वेगाने पसरणारा प्रकार आला तेव्हा घरातील सरासरी शेकडा ४३च्या जवळ पोहोचली. तरीही निम्म्याहून अधिक माणसे सुटलीच.

सरासरी मात्र फसवी असते. तमिळनाडू आणि आंध्र प्रदेश या राज्यांतील संपर्कशोधाच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. घरातील आणि बाहेरील संपर्क मिळून पाहिले असता, शेकडा ७० रुग्णांच्या शोधलेल्या संपर्कांत एकालाही लागण झालेली नव्हती. उलट शेकडा आठ रुग्णांशी एकूण नव्या लागणींपैकी शेकडा ६० लागणी जोडलेल्या होत्या. एखाद्या घरात कोणालाच काही होत नाही आणि शेजारच्या घरात सारेच अंथरुणाला खिळतात, या नेहमीच्या अनुभवाचे गणित हेच आहे. लोक त्याला नशीब म्हणतात. त्यात दैवाचा वाटा थोडाफार असेलही. पण कोणती जागा, कोणती हवा, किती वेळ आणि कोणता दिवस, यांचा वाटा फार मोठा आहे.

जागेचा वाटा पुण्याच्या पाहणीने उघड केला. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये शहरातील पाच प्रभागांत १,६६४ व्यक्तींचे रक्त तपासण्यात आले. शेकडा ५१.५ जणांच्या रक्तात लागण होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. झोपड्या आणि चाळी यांत हे प्रमाण ५६ ते ६२, बंगल्यांत ४४, तर सदनिकांत ३३ होते. सामायिक शौचालय वापरणाऱ्यांत ते ६२ आणि स्वतंत्र शौचालय असलेल्यांत ४५ होते. लोहियानगर-कासेवाडी भागात शेकडा ६५ लोकांना विषाणू स्पर्शून गेला होता. या पाहणीने घरातील आणि घराबाहेरील लागण वेगळी केलेली नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही माणसामागे जागा कमी आणि हवा कमी, की लागण जास्त, हा क्रम तीत स्पष्ट दिसतो. एकाच शहरात, एकाच महिन्यात, एकाच विषाणूने घराचा आकार पाहून वेगवेगळा कर वसूल केला.

लक्षणांआधीचे दोन दिवस

जागेइतकेच महत्त्व वेळेचे आहे. करोनाचा रुग्ण अंगात कसकस जाणवण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच विषाणू बाहेर टाकू लागतो. म्हणजे ज्या दिवशी घरात ‘याला ताप आलेला दिसतो’ असे कोणी म्हणते, त्या दिवशी दोन रात्री आधीच होऊन गेलेल्या असतात. बीजिंगमधील १२४ कुटुंबांच्या अभ्यासात या गोष्टीचा मोठा बोलका पुरावा मिळाला. घरातील पहिल्या रुग्णाने किंवा इतरांनी त्याची लक्षणे दिसण्यापूर्वीपासूनच घरात मुखपट्टी वापरली होती, तेथे लागण शेकडा ७९ने कमी आढळली. लक्षणे दिसल्यानंतर बांधलेल्या मुखपट्टीचा तसा ठळक लाभ दिसला नाही. रोज निकट बसून जेवणे, एकत्र दूरचित्रवाणी पाहणे यांसारख्या संपर्काने धोका १८ पटींनी वाढला होता. फ्लूविषयी हाँगकाँगमध्ये झालेल्या २००९च्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेने जातो: मुखपट्टी आणि हात धुणे यांचा उपयोग झाला तो पहिल्या रुग्णाच्या आजाराला ३६ तास होण्याच्या आत जेथे हे सुरू झाले, त्या घरांत.

यावरून काय घ्यावे? बारा महिने चोवीस तास घरात तोंड बांधून बसावे असे कोणी म्हणणार नाही. तसे घर घरच राहणार नाही. परंतु गावात साथ आहे, घरातील कोणी गर्दीच्या लग्नाहून, रुग्णालयातून वा लांबच्या प्रवासाहून आले आहे, अशा वेळी तीन-चार दिवस त्याने आजी-आजोबांच्या खोलीत निजू नये, निराळ्या वेळी जेवावे, एवढे पथ्य कोणत्याही घराला जड नाही. तपासणीचा कागद हातात येईपर्यंत थांबणारे घर नेमके ते दोन दिवस गमावते. आणि जी व्यवस्था आजार कळण्यापूर्वीही काम करीत असते ती एकच, खेळती हवा. आजारी कोण, हे ठाऊक नसतानाही उघडी खिडकी सर्वांचे रक्षण करीत असते. लसीचेही काहीसे तसेच आहे. इंग्लंडमधील २०२१च्या एका अभ्यासात, लसीची एक मात्रा घेऊन काही आठवडे झालेल्या माणसाला पुढे लागण झाली तरी त्याच्याकडून घरच्यांना होणारा प्रसार शेकडा ४० ते ५०ने कमी दिसला.

एका तालुक्यातील तीन घरे

उघडी खिडकी हा उपाय ऐकायला सोपा आहे. तो कोणाला किती साधतो हे घरावर अवलंबून असते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, कारण आजच्या महाराष्ट्रातील तीन प्रकारची घरे तेथे काही कोसांच्या अंतरात एकत्र नांदतात. पूर्वेला हिंजवडी आणि माण येथे संगणक उद्योगाच्या इमारती आणि त्यांच्याभोवती वाढलेली उंच गृहसंकुले. मध्ये पिरंगुटच्या परिसरातील कारखाने आणि कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. पौडच्या पुढे पश्चिमेला मुळशीचा जलाशय, ताम्हिणीचा घाट आणि भातशेतीवर जगणारी गावे. या तिन्ही जगांमध्ये माणसांची ये-जा रोजची आहे. विषाणूला तेवढे पुरते.

सदनिकेतील कुटुंबाला खोल्या असतात, बहुधा दोन न्हाणीघरेही असतात. आजारी माणसाला वेगळे ठेवणे तेथे शक्य असते. पण याच घरांत खिडक्या बंद ठेवून वातानुकूलन यंत्र चालवण्याची सवय वाढली आहे. भिंतीवरचे हे यंत्र बाहेरची हवा आत आणते असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात ते खोलीतीलच हवा थंड करून परत फिरवते. छताच्या पंख्याचेही तेच. बंद खोलीत तो हवा हलवतो, बदलत नाही. स्वयंपाकघरातील वा न्हाणीघरातील हवा बाहेर फेकणारा पंखा मात्र उपयोगी पडतो, कारण तो हवा खरोखरच काढून टाकतो आणि तिच्या जागी नवी येऊ देतो.

दुसरे घर कामगाराच्या खोलीचे. अशा खोलीला एकच दार आणि अनेकदा एकच खिडकी. तीही चोरीच्या वा डासांच्या भीतीने बंद. ‘कॉट बेसिस’वर राहणाऱ्यांच्या खोलीत रात्रपाळीचा माणूस उठून गेला की, त्याच खाटेवर दिवसपाळीचा येऊन निजतो. येथे ‘कुटुंब’ रक्ताचे नसते. ते भाड्याच्या वाटणीने बनलेले असते. पण श्वास सामायिक असतो. अशा खोलीतील एकाला ताप आला, तर त्याला वेगळे ठेवायचे कोठे? फार तर त्याच्या आणि इतरांच्या डोक्यांची दिशा विरुद्ध ठेवावी, दार सताड उघडे ठेवावे, त्याने आणि सोबत्यांनी मुखपट्टी बांधावी. हे उपाय अपुरे आहेत, पण निरुपयोगी नाहीत.

तिसरे घर गावातले. उन्हाळ्यात या घराचे आयुष्य ओटीवर आणि अंगणात चालते, आणि अंगणाइतकी सुरक्षित खोली कोणत्याही वास्तुशास्त्रज्ञाला बांधता आलेली नाही. पावसाळ्यात चित्र पालटते. सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या या पट्ट्यात झड लागली की दिवसच्या दिवस दारे-खिडक्या उघडता येत नाहीत. माणसे, ओले कपडे, चूल आणि कधी दावणीची जनावरेही एकाच छपराखाली येतात. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासांतून दिसते की, देशाच्या बहुतेक भागांत फ्लूचा भर पावसाळ्यात येतो. श्रीनगरसारख्या थंड प्रदेशात तो हिवाळ्यात येतो. स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला तोही पुण्यात, ३ ऑगस्ट २००९ रोजी, एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. पावसात भिजल्याने ताप येतो असे जुनी माणसे म्हणतात. भिजण्याचा वाटा काहीही असो. विषाणू लागतो तो पावसामुळे एकत्र कोंडल्या गेलेल्या माणसांच्या श्वासातून. जुन्या कौलारू घरात निदान कौलांच्या फटींतून धूर आणि हवा वर निघून जात असे. त्याच्या जागी आलेल्या सिमेंटच्या छताच्या घराने गळती थांबवली, पण हवेची ती वाटही बुजवली. भिंतीत वर दोन झरोके ठेवण्याचा खर्च नगण्य असतो. घर बांधताना त्याची आठवण मात्र कोणी करून देत नाही.

झरोक्याचे आणि उंच खिडकीचे मोल परक्या देशातील एका अभ्यासाने मोजून दाखवले आहे. पेरू देशातील लिमा शहराच्या रुग्णालयांत क्षयाच्या प्रसाराच्या संदर्भात हवेची मोजणी करण्यात आली. तिचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दारे-खिडक्या उघड्या ठेवलेल्या खोल्यांत तासाला सुमारे २८ वेळा हवा बदलत होती. यंत्रांनी हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा. सर्वांत चांगल्या ठरल्या त्या १९५०पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती. तेथे हवा तासाला ४० वेळा बदलत होती. मुळशीतील कौलारू घरांच्या बाबतीतही जे जुने ते टाकाऊ, हा हिशेब पुन्हा तपासून पाहावा लागेल.

सेवा आणि वेगळेपण

घराची दुसरी अडचण भावनेची आहे. आजाऱ्याला एकटे ठेवणे मराठी मनाला निर्दय वाटते. त्यातून ‘वाळीत टाकणे’ आणि ‘शिवाशिव’ यांच्या कटू आठवणी या समाजाच्या रक्तात आहेत. वेगळे ठेवणे म्हणजे अपमान, असा अर्थ सहज लागतो. परंतु याच महाराष्ट्रात प्लेगच्या वर्षांत गावेच्या गावे घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहत असत. प्लेगचा जंतू वेगळा, त्याचा मार्गही वेगळा. पण साथ घरात दबा धरून बसते आणि मोकळ्या रानात तिचा जोर ओसरतो, ही समज त्या पिढीने स्वतःच्या अनुभवातून मिळवली होती. त्या झोपडीत जाण्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता, कारण ती सर्वांची होती.

सेवेचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. १९१८च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्या साथीत मुंबई इलाख्यातील तरुण व मध्यम वयाच्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक होते, आणि घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा स्त्रियांनाच करावी लागे, हे त्याचे एक कारण अभ्यासकांनी सांगितले आहे. आजही आजाऱ्याच्या उशाशी बसणारी, कपाळावर पट्ट्या ठेवणारी आणि त्याच खोलीतून उठून सर्वांचा स्वयंपाक करणारी व्यक्ती बहुधा एकच असते. आजाऱ्याची सेवा निरोगी आणि शक्यतो तरुण अशा एकाच माणसाने करावी, आणि त्या काळात घरातील इतर कामे इतरांनी उचलावीत, हा नियम वैद्यकाचा आहे आणि न्यायाचाही आहे.

जबाबदारी कोणाची?

१५ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू केली. आशा सेविका, शिक्षक आणि स्वयंसेवक घरोघर गेले. ताप आणि प्राणवायूचे प्रमाण मोजून नोंदी केल्या. मोहिमेचे काम मोलाचे होते. तिच्या नावात मात्र एक गृहीत दडलेले होते, ते असे की, कुटुंबाची इच्छा असली म्हणजे जबाबदारी पार पाडता येते. केंद्र सरकारने एप्रिल २०२० मध्ये गृहविलगीकरणाचे नियम काढले, तेही याच गृहीतावर उभे होते: रुग्णासाठी वेगळी सोय आणि चोवीस तास देखभाल करणारी व्यक्ती घरात हवी. २०११च्या जनगणनेनुसार देशातील शेकडा ३७ कुटुंबांकडे एकच खोली होती. या कुटुंबांनी रुग्णाला कोणत्या खोलीत ठेवायचे होते? मे २०२१ मध्ये राज्य शासनाने १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करून रुग्णांना केंद्रांत हलवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा घराची ही मर्यादा अप्रत्यक्षपणे मान्यच झाली. पण तोवर दुसऱ्या लाटेने घरेच्या घरे अंथरुणाला खिळवली होती.

रजेची कथाही अशीच आहे. १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कामगाराला आजारपणाचा भत्ता दिला, हे त्या काळातील मोठे पाऊल होते. परंतु त्या कायद्याने आजाराचे पहिले दोन दिवस भत्त्यातून वगळले. खोटे आजारपण रोखणे हा हेतू समजण्यासारखा होता. पण श्वसनाच्या विषाणूचा प्रसार सर्वाधिक होतो तो याच आरंभीच्या दिवसांत. मजुरी बुडेल म्हणून ताप अंगावर काढून कामावर जाणारा कंत्राटी कामगार बेजबाबदार नसतो. त्याच्यापुढे ठेवलेल्या दोन वाटांपैकी त्याच्या चुलीला परवडणारी तो निवडतो. मग त्या खोलीतील इतरांना आणि कारखान्यातील त्याच्या शेजाऱ्यांना त्या दोन दिवसांच्या मजुरीची किंमत मोजावी लागते.

घराला साथीपासून वाचवायचे असेल, तर घराबाहेर तीन गोष्टी आधीपासून सिद्ध असाव्या लागतील. पहिली, प्रत्येक मोठ्या गावात आजाऱ्याला पाच-सहा दिवस सन्मानाने राहता येईल अशी हवेशीर जागा. २०२०च्या मे महिन्यात मुंबई-पुण्याहून परतलेल्यांसाठी अनेक गावांनी जिल्हा परिषदेच्या शाळा उघडल्या होत्या. ती घाईगर्दीची सोय होती. समाजमंदिर वा ग्रामपंचायतीची एखादी खोली यासाठी कायम राखणे अवघड नाही. दुसरी, तापाच्या पहिल्या दिवसापासून मजुरी न बुडता मिळणारी रजा. तिसरी, घरकुलापासून गृहसंकुलापर्यंत प्रत्येक नव्या घरात समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्यांचा वा वरच्या झरोक्यांचा आग्रह. कागदावरच्या नकाशात दाखवण्यापुरता नव्हे, तर बांधून झाल्यावर तपासला जाणारा.

शाळेचा वर्गही याला अपवाद नाही. लहान मूल वर्गातील हवा घेऊन घरी येते आणि घरातील हवा घेऊन वर्गात जाते. फ्लूच्या बाबतीत घरात आजार आणणारे पुष्कळदा मूलच असते. ज्या शिक्षकाने खिडकी उघडून ठेवण्याचे कारण वर्गाला फोडणीच्या ठसक्यावरून समजावले, त्याने चाळीस घरांच्या खिडक्या उघडण्याची सोय केली असे समजावे. पावसाळा दरवर्षी येणार आहे, त्याच्याबरोबर फ्लू येणार आहे, आणि कधी तरी नवा विषाणूही येईल. तो घरात येणारच नाही अशी हमी कोणालाच देता येणार नाही. परंतु तो आल्यानंतर सहा माणसांपैकी किती जण सुटतील, हे पुष्कळ अंशी आधी केलेल्या तयारीवर ठरते. ‘सगळ्यांना होणारच’ म्हणून हात टेकणाऱ्या घरावर कोणी रागावू नये. पण ज्यांच्या हाती जागा, रजा आणि बांधकामाचे नियम आहेत, त्यांनी तेच वाक्य उच्चारण्याचा हक्क २०२१च्या उन्हाळ्यातच गमावला आहे.